भुकेचं पंचांग आणि गोदामाची किल्ली: जिल्ह्यासाठी अन्न बँक कशी उभारावी

टोमॅटोचा भाव पडला की नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतच्या आसपास रस्त्याकडेला कॅरेटच्या कॅरेट ओतून दिलेली दिसतात. तिथून गाडीने दोन-अडीच तासांवर पेठ-सुरगाण्याचे पाडे आहेत. तिथे त्याच दिवसांत एखादी बाई उडदाच्या वरणात आणखी तांब्याभर पाणी ओतत असते. एकाच जिल्ह्यातली ही दोन दृश्यं. मध्ये एक घाट असतो; नसते ती फक्त एक गाडी आणि एक फोन.

गेली काही वर्षं आमचा छोटा गट फोन करायचं, गाडी लावायचं आणि घाट ओलांडायचं, ही तिन्ही कामं करतो. दर महिन्याला कुणी तरी विचारतं, 'आमच्या तालुक्यात असं काही करायचं तर सुरुवात कुठून?' एकेकाला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा हे सगळं एकदाच लिहून काढतोय. उदाहरणं नाशिकची आहेत, कारण मला तीच ठाऊक आहेत. तुमच्याकडे टोमॅटोच्या जागी केळी असतील, द्राक्षबागेच्या जागी उसाचा फड असेल.

आधी शब्द नीट समजून घ्या

अन्न बँक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लग्नातलं उरलेलं अन्न गोळा करून फुटपाथवर वाटणारी मुलं येतात. ते काम चांगलं आहेच. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५मध्ये रोटी बँक सुरू केली. त्याच वर्षी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, हारून मुकाती यांनी घराघरांतून पोळ्या जमा करायची बँक काढली. पण अन्न बँक हा प्रकार मुळात गोदामाचा आहे.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाचा माणूस गरिबांसाठीच्या अन्नछत्रात स्वयंसेवक होता. दुकानामागच्या कचरापेटीतून मुलांसाठी खाणं वेचणारी एक आई त्याला भेटली. बँकेत पैसे ठेवतात-काढतात तसं अन्न ठेवायची-काढायची जागा हवी, ही कल्पना तिचीच, असं तो सांगत असे. त्यातून १९६७मध्ये सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली. जगातली पहिली अन्न बँक म्हणून तीच ओळखली जाते. आज तिथे अशा दोनशेहून जास्त बँकांचं जाळं आहे. त्यातली एकेक बँक अनेक जिल्ह्यांना पुरवठा करते, पण उपाशी माणूस सहसा तिच्या दारात येत नाही. तो आपल्या वस्तीतल्या चर्चमध्ये, शाळेत, छोट्या वाटप केंद्रात जातो आणि ते केंद्र या बँकेकडून माल उचलतं.

थोडक्यात, अन्न बँक ही ठोक व्यापारी आणि वाटप केंद्रं ही किरकोळ. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या चुका टळतात. आम्ही पहिली दोन वर्षं ठोक आणि किरकोळ दोन्ही करायला गेलो. गोदामाकडे लक्ष नाही, वाटपालाही माणसं कमी, आणि दर रविवारी घरच्यांची बोलणी.

पहिली पायरी: भूक शोधा, पण तिचं नाव घेऊन विचारू नका

'तुम्ही उपाशी राहता का?' असं विचारलं तर कुणीही 'हो' म्हणत नाही. 'काल रात्री काय केलं होतं?' असं विचारा. 'रेशनचा तांदूळ किती तारखेपर्यंत पुरतो?', 'डाळ शेवटची कधी शिजवली?', 'तेल किती आणता, आणि किती दिवसांनी?' या साध्या प्रश्नांची उत्तरं खरी येतात. शंभर घरांत हे विचारून झालं की तुमच्या भागातली भूक नेमकी कशी आहे हे कळतं. बहुतेक ठिकाणी ती रिकाम्या ताटाची नसून नुसत्या भाताची किंवा नुसत्या भाकरीची असते.

याचं कारण समजून घ्यायला हवं. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. ५ किलो म्हणजे दिवसाला माणशी साधारण १६५ ग्रॅम. अंगमेहनतीच्या माणसाला एवढ्यात दोन वेळचं होत नाही, आणि डाळ, तेल, भाजी तर त्यात नाहीतच. त्यामुळे अन्न बँकेने पुन्हा गहू-तांदळाचीच पोती वाटणं हा बऱ्याचदा आळस असतो. दात्याला पोतं द्यायला सोपं, आपल्याला मोजायला सोपं.

कुठे फिराल? महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रेशन दुकानासमोर. सकाळी सात वाजता मजूर अड्ड्यावर, आणि पुन्हा अकरा वाजता, कारण काम न मिळालेले लोक तेव्हाच तिथे असतात. सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात, जिथे पेशंटला जेवण मिळतं पण पायऱ्यांवर झोपणाऱ्या नातेवाइकाला मिळत नाही. वीटभट्टीवर. ऊसतोडीच्या कोप्यांवर. आणि गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण ती माणसं काहीच सांगत नाहीत, चहा मात्र करून देतात.

फिरताना ज्या घरात रेशनकार्ड नाही, नाव कमी झालंय, अंगठा लागत नाही, ई-केवायसी अडलंय, अशांची वेगळी वही करा. पाच जणांचं एक कार्ड सुरू झालं तर वर्षाला ३०० किलो धान्य त्या घरात येतं, तेही कायम. आमची कुठलीही गाडी एका घराला वर्षात एवढं देऊ शकलेली नाही. 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत दुसऱ्या गावातल्या दुकानातूनही धान्य उचलता येतं. द्राक्षबागेत कामाला आलेल्या कित्येक जोडप्यांना हे ठाऊकच नसतं. रेशनच्या तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे. पहिल्या अन्न बँकेचं सालही तेच, हा योगायोग मला उगाचच आवडतो.

दुसरी पायरी: दोन पंचांगं मांडा

माझ्या मते या कामाचा गाभा हाच आहे. भुकेचे महिने वेगळे असतात आणि उरलेल्या अन्नाचे वेगळे. भिंतीवर मोठा कागद लावा, बारा रकाने पाडा, वरच्या ओळीत भूक लिहा, खालच्या ओळीत आवक.

आमचा कागद साधारण असा दिसतो. चैत्र-वैशाखात लग्नसराई असते, उन्हाळी कांदा चाळीत जातो आणि निवडताना गोल्टी (बारीक कांदा) बाजूला पडते. दात्यांचा हात सैल असतो, पण पाड्यांवर तेव्हा फारशी चणचण नसते, कारण माणसं बागांमधून मजुरीचे पैसे घेऊन नुकतीच परतलेली असतात. मग मृग लागतो. आषाढ-श्रावणात पाड्यावर भाताची आवणी (रोपांची लावणी) चालू असते, म्हणजे काम भरपूर, पण ते स्वतःच्या शेतातलं, त्यात रोख पैसा नाही. घरातली नागली (नाचणी) संपलेली, नवी यायला तीन महिने, ओढ्यांना पाणी. खरी भूक ही. आणि नेमकं तेव्हाच आमच्याकडे येणारं दान सगळ्यात कमी असतं. भाद्रपदापासून टोमॅटोचा लोंढा सुरू होतो. दिवाळीला मिठाईचे डबे आणि फरसाण येतं, त्याचं काय करावं हा प्रश्नच असतो. दिवाळीनंतर भात झोडून झाला की पाड्यावरची जवान माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांकडे निघतात आणि मागे म्हातारी-कोतारी नि बारकी पोरं राहतात. तेव्हा भुकेचा पत्ता बदलतो. थोडी भूक बागेतल्या झोपडीत येते, थोडी पाड्यावरच्या ओसरीत राहते.

हा कागद समोर असला की निर्णय आपोआप होतात. डाळ-तेल एप्रिल-मेमध्ये जमवायचं आणि मृगाआधी पाड्यावर पोचवायचं. जुलैमध्ये आवाहन करून जुलैमध्ये वाटायचं ठरवलं तर गाडी घाटात अडकते आणि तुमचं मन उदासीत.

तिसरी पायरी: उरतं कुठे ते पाहा

उरलेलं अन्न तीन जातींचं असतं: सुकं, हिरवं आणि शिजलेलं. सुरुवात सुक्याने करा. वर्षभर तेच नीट जमलं तर हिरव्याकडे वळा. शिजलेल्याचा नाद सगळ्यात शेवटी.

सुक्यासाठी पहिलं दार किराणा ठोक व्यापाऱ्याचं. पोतं फाटलेलं, खोका चेपलेला, वेष्टनाची छपाई चुकलेली असा माल त्याच्याकडे असतोच. कंपन्यांच्या वितरकांकडे मुदत संपायला दोन-तीन महिने राहिलेला माल पडून असतो. दुकानदार तो घेत नाही, पण आपल्याला तेवढा वेळ पुरतो. इथे दात्याला एक हिशेब सांगत जा. माल फेकला काय नि दान केला काय, खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट दोन्हीकडे सोडावीच लागते. मग फेकायचा कशाला? व्यापारी माणसाला हा मुद्दा पुण्याच्या मुद्द्यापेक्षा लवकर पटतो.

दुसरं दार शेतकऱ्याचं. सुगीत पायलीभर धान्य बाजूला काढायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. घरातल्या बाईने रोज दळणातून मूठभर धान्य वेगळ्या डब्यात टाकायचं, असा मुष्टिफंड कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांच्या मदतीला आला होता. आजही शाळेमार्फत महिन्यातून एकदा 'एक वाटी डाळ' मागितली तर मिळते. अट एकच: वाटी एकाच जातीच्या डाळीची हवी. आम्ही पहिल्यांदा नुसतं 'धान्य आणा' म्हटलं होतं. चौदा जातींची मिसळ जमा झाली आणि ती निवडायला सहा बायका तीन दुपारी बसल्या.

हिरव्यासाठी बाजार समितीत स्वतः जाऊन उभं राहा. सभापतींच्या केबिनमध्ये चहा होईल, पण माल आडत्याकडून आणि हमालाकडून मिळतो. लिलावानंतर न उठलेलं वक्कल (मालाचा ढीग), आकाराने लहान म्हणून बाजूला काढलेलं फळ, घडातून गळलेले द्राक्षाचे मणी, हे सगळं खायला उत्तम असतं. हमालाला उचलण्याची मजुरी द्या. 'धर्माचं काम आहे, फुकट उचल' असं त्याला म्हणू नका. त्याचंही पोट हातावरच आहे.

टोमॅटो उचललात तर चोवीस तासांत तो शेवटच्या घरात पोचला पाहिजे. कॅरेट पुरे भरू नका, चार बोटं मोकळी सोडा. खालचा थर चेंगरला की पाणी सुटतं आणि वरच्या थरालाही वास लागतो. पाड्यावर पाटी-पाटीने वाटप होत असेल तर थोडे कच्चे, गुलाबी टोमॅटो मिसळून द्या, म्हणजे आठवडाभर पुरतात.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. संस्था म्हणून तीन वाटा आहेत: धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास, १८६०च्या कायद्याखाली सोसायटी, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ची ना-नफा कंपनी. लहान गटाने आधीच चांगलं चाललेल्या एखाद्या न्यासाचा उपक्रम म्हणून सुरुवात करावी, असं माझं मत. वर्षभर काम करून पाहा, मग स्वतःचं घर बांधा.

अन्नाच्या बाबतीत अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९मध्ये उरलेल्या अन्नाचं संकलन आणि वितरण करणाऱ्यांसाठी वेगळे विनियम केले आहेत. त्यांनुसार अशा संस्थेला नोंदणी किंवा परवाना लागतो. अर्ज फॉसकॉस या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो. कोणाकडून काय आलं, किती आलं, कुठे गेलं याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. त्या तुम्ही तशाही ठेवायलाच हव्यात.

अमेरिकेत १९९६पासून एक कायदा आहे. चांगल्या हेतूने दान केलेल्या अन्नामुळे काही बिनसलं तर तो दात्याला कोर्टकचेरीपासून बरंच संरक्षण देतो. आपल्याकडे तसं संरक्षण नाही. म्हणूनच मोठी हॉटेलं कचरतात, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही. त्यांना धीर द्यायचा असेल तर तुमची वही, तुमचा तापमापक आणि तुमचा लेखी करार दाखवा.

गोदाम

जागा मोठी नको, कोरडी हवी. आम्ही एका जुन्या द्राक्ष पॅकिंग शेडचा कोपरा घेतलाय. पाहायच्या गोष्टी अशा: पावसाळ्यात भिंतीला ओल येते का, हे शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको. गाडी दारापर्यंत लागते का? उंदराची वाट कुठून आहे? रात्री दिवा लागतो का?

पोती थेट फरशीवर कधीच ठेवू नका. खाली लाकडी फळ्या घाला, भिंतीपासून हातभर अंतर सोडा, म्हणजे मागूनही झाडता येतं आणि ओल वर चढत नाही. धान्य घेताना दाण्यावर दात मारून पाहा. कडक, कटकन आवाज आला पाहिजे. मऊ लागला तर परत पाठवा किंवा दोन दिवस ऊन दाखवूनच आत घ्या. एका ओलसर पोत्यातले सोंडे आणि पोरकिडे बघता बघता अख्ख्या थप्पीत पसरतात. कडुलिंबाचा पाला चालतो. धुरीच्या विषारी गोळ्या मात्र स्वतः आणून टाकू नका. ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे, बंद गोदामात त्या जीव घेतात.

आवक-जावक वहीत पाच रकाने पुरेत: तारीख, वस्तू, वजन, कोणाकडून किंवा कोणाला, मुदत. थप्पीवर खडूने मुदतीची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. जी आधी संपणार ती आधी बाहेर काढा, मग ती कधी का आली असेना. काटा सरकारी शिक्का मारलेला घ्या. तुमचं वजन आणि दात्याचं वजन जुळलं नाही की पहिला संशय तुमच्यावर येतो.

मुदतीच्या दोन भाषा असतात, त्या स्वयंसेवकांना शिकवा. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' उलटली की वस्तू वाटायची नाही, विषय संपला. 'बेस्ट बिफोर' ही चव-दर्जाची तारीख आहे. पण आम्ही तीही उलटलेली वस्तू वाटत नाही. आपल्या पोराला जे देणार नाही ते दुसऱ्याच्या पोराला द्यायचं नाही, एवढा साधा नियम आहे आणि त्यावर वाद घालत बसायचं नसतं.

इथेच 'नाही' म्हणायची सवय लावा. दर दिवाळीनंतर आम्हाला बुरशी धरू लागलेल्या मिठाईचे डबे येतात. दाता स्वतः गाडीतून उतरून देतो, मान ठेवायचा असतो, आणि तरी ते डबे परत पाठवायचे असतात. पहिल्या वर्षी आम्ही लाजेने ठेवून घेतले. शेवटी खड्डा खणून पुरले, वर मजुरीही गेली.

शिजलेलं अन्न घ्यायचंच असेल तर

जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा लक्षात ठेवा. शिजलेलं अन्न गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानात जंतू वाढतात. खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं अन्न घेऊ नये, आणि पुन्हा गरम करायचं तर आतपर्यंत ७० अंश व्हायला हवं. साडेतीनशे-चारशे रुपयांचा टोचायचा तापमापक मिळतो. वास आणि चव यांवर भरवसा ठेवू नका.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका लग्नाचा फोन आला, मसालेभात उरला होता, वास झकास होता. मुहूर्त साडेबाराचा, पंगती तीनपर्यंत चाललेल्या, आमची गाडी पोचली पावणेपाचला. आम्ही घेतला. वस्तीत पोचवायच्या आधी सोबतच्या एका काकूंनी शांतपणे विचारलं, 'भात कधी उतरवला होता?' सकाळी दहाला. सात तास झाले होते. त्यांनी पातेलं गाडीतून उतरूच दिलं नाही. भातात जो जंतू वाढतो त्याचं विष पुन्हा उकळूनही जात नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून फोनवर आमचा पहिला प्रश्न 'किती माणसांचं आहे?' हा नसतो, 'भात कधी उतरवला?' हा असतो.

म्हणून लग्नाच्या आधीच मंगल कार्यालयाशी आणि आचाऱ्याशी बोलून ठेवा. आचारी हाच खरा माणूस. दुसरी पंगत बसली की त्याला अंदाज आलेला असतो. न वाढलेलं, पातेल्यातलं झाकलेलं अन्न तो तेव्हाच बाजूला काढून देऊ शकतो. ताटात किंवा बुफेच्या टेबलावर गेलेलं घेऊ नका. पोळ्या, पुऱ्या, सुकी भाजी, उकळती डाळ घ्या. श्रीखंड, रायतं, कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, खव्याची मिठाई यांना लांबूनच नमस्कार करा. डब्यावर चिठ्ठी हवी: पदार्थ, कुठून आला, शाकाहारी की मांसाहारी, किती वाजता शिजला, किती वाजेपर्यंत खायचा.

आणि पोचवायची जागा वीस-पंचवीस मिनिटांच्या आत हवी. शहरातलं शिजलेलं अन्न पाड्यावर न्यायची भाबडी कल्पना सोडून द्या. ते सिव्हिलच्या पायऱ्यांसाठी आणि मजूर अड्ड्यासाठी. पाड्यासाठी डाळ.

वाटणारे हात

किरकोळीसाठी आधीच उभ्या असलेल्या लोकांना धरा. महिला बचत गट, आशाताई, अनाथाश्रम, वृद्धाश्रम, गुरुद्वारा, मशीद कमिटी, मठ, जे नियमित जेवण घालतात किंवा घराघरांत जातात ते सगळे. प्रत्येकाशी एका पानाचा करार असू द्या. त्यात चार अटी पक्क्या ठेवा: जात, धर्म, पक्ष विचारायचा नाही, माल विकायचा नाही, महिन्याच्या पाच तारखेपर्यंत वाटपाचा हिशेब द्यायचा, आणि घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो काढायचा नाही.

फोटोवरून भांडणं होतात. दात्याला फोटो हवा असतो, बँकेच्या समितीलाही हवा असतो. आम्ही थप्पीचा, गाडीचा, वहीच्या पानाचा फोटो पाठवतो. पिशवी हातात घेऊन रांगेत उभ्या बाईचा नाही. ती उद्या त्याच दात्याच्या शेतात मजुरीला जाणार असते.

घरटी पिशवीत काय घालावं? रेशनचं धान्य मिळणाऱ्या पाच जणांच्या घराला महिन्यासाठी आम्ही २ किलो तूरडाळ, १ किलो उडीद, १ लिटर तेल, १ किलो शेंगदाणे, १ किलो गूळ, १ किलो मीठ, हळद-तिखट आणि एक साबण देतो. पेठ-सुरगाण्यात उडीद खातात म्हणून उडीद. तुमच्याकडे मसूर चालत असेल, कुळीथ चालत असेल, तर ते घाला. कुणीसं दान केलेले ओट्स आम्ही एकदा हौसेने दिले होते. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ते कोंबड्यांपुढे होते, आणि कोंबड्याही फारशा खूश नव्हत्या.

पैसा

अन्न फुकट मिळतं, ते हलवायला पैसे लागतात. छोटा हत्तीचं एका खेपेचं भाडं ३,००० रुपये धरा. ७५० किलो नेलंत तर किलोमागे ४ रुपये पडतात, २०० किलो नेलंत तर १५. म्हणून अर्धी रिकामी गाडी घाटात चढवू नका. दोन पाड्यांची खेप जोडा, परतीच्या वाटेवर बाजाराला येणाऱ्या कुणाचा माल आणा आणि भाडं वाटून घ्या.

कंपन्यांच्या सामाजिक निधीत (सीएसआर) भूकनिर्मूलन ही बाब कंपनी कायदा, २०१३च्या सातव्या अनुसूचीत अगदी पहिलीच आहे. पण त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. वैयक्तिक दात्यांना प्राप्तिकरात ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मिळते ती जुनी करपद्धत निवडली असेल तरच आणि फक्त पैशावर, तीही रोख २,००० रुपयांपर्यंतच, त्यापुढे चेक किंवा ऑनलाइन. दहा पोती डाळ दिली तर त्यावर सवलत मिळत नाही. हे आधीच सांगा, नाही तर मार्चअखेरीला माणूस पावती मागायला दारात उभा राहतो आणि मैत्री तुटते.

यश मोजताना 'इतकी ताटं वाढली' असं लिहू नका. आम्ही तीनच आकडे पाहतो: आलेल्यापैकी किती किलो सडलं, आल्यापासून वाटेपर्यंत किती दिवस गेले, आणि आषाढ-श्रावणात किती घरांना सलग दोन महिने माल पोचला. तिसरा आकडा लहान असतो. म्हणूनच अहवालात तो आम्ही सगळ्यात वर छापतो.

पाड्यावरची कोठी

शेवटची पायरी तिसऱ्या वर्षी घ्या, त्याआधी नको. पाड्यावरच एक छोटी धान्य बँक बसवा. केंद्र सरकारने १९९६-९७मध्ये आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँकांची योजना आणली होती. कल्पना सरळ आहे. आषाढात घरात काही नसेल तर कोठीतून नागली किंवा भात उसना घ्यायचा, आणि पीक आलं की थोडी भर घालून परत करायचा. सावकाराकडेही धान्य उसनंच मिळतं, पण तिथली भर दीडपट-दुप्पट असते.

सुरुवातीचा साठा आपण द्यायचा, नियम पाड्याने ठरवायचे. एका पाड्याने मणामागे दोन किलो भर ठरवली, शेजारच्याने भर नकोच म्हटलं. दोन्ही चालू आहेत. कोठीसाठी पत्र्याच्या टाक्या घ्या, उंदीर कुरतडत नाहीत. किल्ल्या दोन असाव्यात, दोन वेगळ्या घरांत, आणि शक्यतो दोन्ही बायकांकडे. भरून ठेवायची वेळ मेअखेर. उघडायची वेळ बचत गट ठरवतो, आपण नाही.

पहिल्या वर्षी आमच्या कोठीतून सव्वीस घरांनी नागली नेली. पौषात परत आली ती एकोणीस घरांकडून. उरलेल्या सात घरांचं काय करायचं यावर गटाची बैठक झाली. आम्ही गप्प बसून ऐकत होतो. त्यांतली चार घरं बागांवर गेली होती, ती होळीला परतणार होती. दोन घरांचं पीक पाण्याने गेलं होतं, त्यांना पुढच्या वर्षावर टाकलं. एका म्हातारीने घेतलेली पायली तिच्या नावावर माफ झाली. तसं वहीत लिहिलं, खाली अकरा अंगठे आणि तीन सह्या झाल्या. मग परत आलेली नागली बायकांनी अंगणात ऊन दाखवून, पाखडून, काट्यावर चढवली आणि पुन्हा टाकीत ओतली.